मंदिराची किल्ली खांद्यावर

अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं महायुद्ध नेमकं कधी पेटलं हे सांगताना ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज तीन खुणा देतो. पहिली खूण अशी की आर्गोस इथल्या हेरा देवीच्या मंदिरात क्रिसिस नावाच्या पुजारिणीच्या सेवेचं ४८ वं वर्ष चालू होतं. त्यानंतर तो स्पार्टातल्या त्या वर्षीच्या अधिकाऱ्याचं आणि अथेन्सच्या आर्कनचं, म्हणजे तिथल्या मुख्य अधिकाऱ्याचं नाव घेतो. आपल्या हिशेबाने ते साल इ.स.पू. ४३१. प्रत्येक ग्रीक नगराचं पंचांग वेगळं, महिन्यांची नावं वेगळी, वर्षाचा आरंभही वेगळा. त्यामुळे सगळ्यांना कळेल अशी काळाची खूण लागायची, आणि आर्गोसच्या पुजारिणींची यादी त्या कामी येत असे. लेस्बॉस बेटावरच्या हेलॅनिकस या लेखकाने या यादीच्या आधाराने ग्रीसचा इतिहासच लावला होता.

या क्रिसिसचं पुढे काय झालं तेही थ्युसिडिडीजने नोंदवलंय. इ.स.पू. ४२३ मध्ये एका रात्री तिने पेटता दिवा फुलांच्या माळांजवळ ठेवला आणि तिचा डोळा लागला. माळा पेटल्या आणि मंदिर जळून गेलं. तेव्हा तिच्या सेवेला सुमारे ५६ वर्षं झाली होती, म्हणजे ती चांगलीच म्हातारी असणार. लोक काय करतील या भीतीने ती रातोरात फ्लीयस गावी पळाली आणि आर्गोसकरांनी नियमानुसार फाइनिस नावाच्या दुसऱ्या बाईला नेमलं. गंमत म्हणजे जळालेल्या मंदिरासमोरचा क्रिसिसचा पुतळा मात्र त्यांनी काढला नाही. पाचशेहून अधिक वर्षांनंतर पॉसेनियस हा प्रवासी तिथे गेला, तेव्हाही तो जागेवर होता.

बाईला मत नव्हतं, सभेत बोलायची सोय नव्हती, आणि तरी अख्ख्या ग्रीसची कालगणना एका बाईच्या सेवाकाळावर टेकते, हा प्रकार वरवर पाहता विचित्र वाटतो. तो समजून घ्यायचा तर ग्रीक धर्म रोजच्या व्यवहारात कसा चालायचा ते सुटं करून पाहावं लागतं. यापुढची बहुतेक उदाहरणं अथेन्सची आहेत, कारण कोरीव लेख, न्यायालयातली भाषणं, नाटकं असा पुरावा तिथलाच सर्वांत जास्त उरलाय.

आधी घरातली स्थिती. अथेन्सच्या नागरिकाची बायको किंवा मुलगी कायद्याने कायम कोणा ना कोणा पुरुषाच्या ताब्यात असे. या पालकाला ‘किरिओस’ म्हणत. लग्नाआधी बाप, नंतर नवरा, नवरा गेल्यावर मुलगा किंवा भाऊ. एक मेडिम्नस जवाच्या किमतीपेक्षा, म्हणजे घरात काही दिवस पुरेल एवढ्या धान्याहून मोठा व्यवहार तिला स्वतःच्या नावावर करता येत नसे. न्यायालयात तिची बाजू पुरुषच मांडायचा.

आता देवळाकडे या. ग्रीक धर्मात पवित्र ग्रंथ नव्हता, दीक्षा घेऊन आयुष्यभर त्याच कामात राहणारा पुरोहितवर्ग नव्हता. पुजारी म्हणजे एका देवाच्या एका मंदिराचा कारभार पाहणारा माणूस. शेजारच्या मंदिरात त्याला काही अधिकार नाही. सर्वसाधारण रीत अशी की देवाला पुरुष पुजारी आणि देवीला बाई. याला अपवाद होते, पण नियम म्हणून हे बऱ्यापैकी टिकतं. आणि अथीना, हेरा, आर्टेमिस, डीमीटर या देव्यांचं ग्रीक जगातलं वजन पाहिलं, तर मोठ्या सार्वजनिक पदांचा केवढा वाटा आपोआप बायकांकडे गेला ते लक्षात येतं. मंदिर नगराचं, उत्सवाचा खर्च नगराच्या तिजोरीतून, उत्सवाच्या तारखा नगराच्या कायद्यात. राज्यकारभार आणि देवकार्य असे दोन कप्पे नव्हतेच. त्यामुळे जिच्याकडे मंदिराची किल्ली, तिच्याकडे नगराचं एक पद. ही किल्ली धातूची, लांबलचक, दोन ठिकाणी काटकोनात वाकवलेली असे आणि पुजारीण ती खांद्यावर धरी. अथेन्समधल्या कितीतरी थडग्यांच्या शिळांवर किल्लीचं चित्र आहे. खाली मजकूर वाचायच्या आधीच इथे कोण निजलंय ते कळावं म्हणून.

हे पद मिळायचं कसं? जुन्या मंदिरांत घराण्याचा मान चाले. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवरच्या अथीना पोलिआसची, म्हणजे नगररक्षक अथीनेची पुजारीण एटिओबुटाड या मानकरी घराण्यातलीच हवी. एकदा बसली की मरेपर्यंत. लिसिमाखी नावाची पुजारीण या पदावर ६४ वर्षं होती. तिचा पुतळा डीमीट्रिअस या शिल्पकाराने घडवल्याचं रोमन लेखक प्लिनी सांगतो. ती संन्यासिनी वगैरे नव्हती. लग्न, मुलं, नातवंडं सगळं होतं. ग्रीक पुजारीण म्हटली की डोळ्यांसमोर पांढऱ्या वस्त्रातली ब्रह्मचारिणी उभी राहते, पण ती प्रतिमा बरीचशी आपण रोमच्या अग्निकन्यांवरून उसनी घेतलेली आहे. ग्रीसमध्ये बहुतेक पुजारिणी संसारी होत्या. काही ठिकाणी कुमारिकाच लागे, पण तीही ठरावीक काळापुरती. आयगेइरा इथे आर्टेमिसची पुजारीण लग्नाच्या वयाची होईपर्यंतच सेवा करायची. लग्न ठरलं की पद सुटलं.

नियम मात्र कडक असत, कधी मजेशीरही. भूगोलकार स्ट्रेबो सांगतो की पोलिआसची पुजारीण ॲटिकाचं, म्हणजे अथेन्सच्या आसपासच्या प्रदेशाचं ताजं चीज तोंडात घालत नसे, बाहेरून आलेलंच खाई. सालामिस बेटाचं चीज मात्र तिला चालायचं. सालामिस अथेन्सच्या हाताच्या अंतरावर, समोर दिसणारं. पण नियमाला पळवाट शोधण्याची कला फार जुनी आहे.

इ.स.पू. पाचव्या शतकाच्या मध्याला अथेन्सने एक नवी गोष्ट केली. अथीना नाइके, म्हणजे विजयदात्री अथीना, हिच्यासाठी पुजारीण नेमण्याचा ठराव सभेने मंजूर केला आणि तो संगमरवरावर कोरला. तो दगड आज उपलब्ध आहे. ठराव सांगतो की ही पुजारीण कुठल्याही एका घराण्यातली नसून सर्व अथेनियन स्त्रियांमधून निवडावी. तिला वर्षाला ५० द्राख्मा आणि सार्वजनिक बळींच्या तंगड्या व कातडी मिळावीत. त्याच सुमारास कुशल कारागिराची रोजची मजुरी साधारण एक द्राख्मा होती, तेव्हा रोख रक्कम डोळे दिपवणारी नाही. खरी कमाई तंगड्या-कातड्यांत. मांस हे ग्रीक घरात रोजचं अन्न नव्हतं. ते मुख्यतः यज्ञातूनच मिळे. आणि कातड्याला बाजारात चांगला भाव होता.

त्या दगडाच्या मागच्या बाजूला दुसरा ठराव आहे, सुमारे वीस-पंचवीस वर्षांनंतरचा, इ.स.पू. ४२४च्या आसपासचा. पुजारिणीचे ते ५० द्राख्मा कोणत्या अधिकाऱ्यांनी कोणत्या महिन्यात द्यायचे, एवढंच त्यात ठरवलंय. मला हा मागचा मजकूर पुढच्यापेक्षा जास्त बोलका वाटतो. पहिला ठराव तत्त्वाचा, दुसरा पगार वेळेवर पोचवण्याचा. पद खरोखर चालू होतं याचा यापेक्षा चांगला दाखला कुठला?

मिरिनी नावाच्या एका बाईची समाधीशिळाही सापडली आहे. सर्वांमधून चिठ्ठीने निवड होऊन आपण नाइकेच्या मंदिराची सेवा सगळ्यांत आधी केली, असं ती सांगते. चिठ्ठी टाकून अधिकारी निवडणं ही अथेन्सच्या लोकशाहीची खास पद्धत. पुरुषांची बहुतेक पदं तशीच भरली जात. त्या पद्धतीत ही एक जागा बायकांसाठी उघडली गेली. त्याच्या थोडं आधी, इ.स.पू. ४५१ मध्ये, अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या कायद्याने नागरिकत्वासाठी आई आणि बाप दोघंही अथेनियन असण्याची अट घातली होती. नागरिक कुठल्या आईच्या पोटी जन्मला याला तेव्हापासून कायद्यात किंमत आली. या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह मला आवरत नाही. विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिसच्या ‘लिसिस्ट्राटा’ नाटकात (इ.स.पू. ४११) मुख्य पात्राचं नाव लिसिमाखीशी जुळणारं आहे आणि तिच्या एका सोबतिणीचं नाव मिरिनीच आहे. काही अभ्यासक म्हणतात की प्रेक्षकांना ॲक्रोपोलिसवरच्या खऱ्या पुजारिणी आठवाव्यात म्हणूनच ही नावं निवडली.

आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या नगरांत तिसरी पद्धत होती, पद विकत घेण्याची. लिलाव होई, पैसे भरले की पद मिळे, आणि यज्ञातला वाटा हा त्या गुंतवणुकीवरचा परतावा.

आता प्रत्यक्ष काम. मंदिर उघडणं, मूर्तीची आणि अर्पण केलेल्या वस्तूंची राखण, प्रार्थना, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे बळी. ग्रीक बळी मंदिराच्या आत होत नसे. वेदी बाहेर उघड्यावर असायची. मिरवणूक निघते. सगळ्यांत पुढे ‘कानेफोरोस’, डोक्यावर टोपली घेतलेली चांगल्या घरातली अविवाहित मुलगी. टोपलीत जवाचे दाणे आणि त्याखाली लपवलेली सुरी. वेदीपाशी सगळे गोल उभे राहतात, हात धुतात, पुजारीण प्रार्थना म्हणते. जव फेकले जातात. जनावराच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. ते मान हलवतं आणि ती त्याची संमती मानली जाते. कपाळावरचे थोडे केस कापून अग्नीत टाकतात. मग घाव. त्याच क्षणी जमलेल्या बायका एकसाथ उंच स्वरात किंकाळी फोडतात. ही ‘ओलोलिगी’. तिच्याशिवाय बळी पूर्ण होत नाही. सुरी बहुतेक वेळा सेवक किंवा व्यावसायिक कसाई चालवायचा, पुजारी पुरुष असला तरी. त्यामुळे पुजारिणीने सुरी धरली की नाही या प्रश्नाला फार अर्थ नाही. विधी तिच्या नावाने, तिच्या प्रार्थनेने आणि तिच्या हुकमाने होई. मांडीची हाडं चरबीत गुंडाळून देवासाठी जाळत आणि उरलेलं मांस शिजवून वाटत.

टोपली वाहण्याच्या या मानावरून अथेन्सचा इतिहास एकदा पार हलला. इ.स.पू. ५१४ मध्ये हुकूमशहा हिपिआसचा भाऊ हिपार्कस याने हार्मोडिअस नावाच्या तरुणावर राग धरला होता. त्याने हार्मोडिअसच्या बहिणीला एका मिरवणुकीत टोपली वाहायला बोलावलं आणि ती आल्यावर, तुझी लायकी नाही, असं सांगून परत पाठवलं. मान नाकारणं म्हणजे मुलीच्या चारित्र्यावर आणि कुळावर चारचौघांत शिंतोडा. हार्मोडिअस आणि त्याच्या जोडीदाराने हिपार्कसचा खून केला. पुढे अथेन्सने त्या दोघांचे पुतळे स्वातंत्र्यवीर म्हणून उभारले. बहिणीचं नाव थ्युसिडिडीज देत नाही.

मुलींसाठी धर्मकार्याची एक शिडीच होती. ‘लिसिस्ट्राटा’मध्ये बायकांचा कोरस ती पायरीपायरीने सांगतो: सातव्या वर्षी अर्रेफोरोस, मग देवीसाठी धान्य दळणारी, मग ब्राउरॉनची अस्वल, आणि मोठी झाल्यावर टोपलीवाली. अर्थात सगळ्या मुलींना हे सगळं मिळत नसे. ही श्रीमंत घरांची यादी आहे.

अर्रेफोरोस म्हणून लहान मुली निवडल्या जात आणि त्या काही महिने ॲक्रोपोलिसवरच राहत. खेळायला त्यांचं चेंडूचं वेगळं मैदानही होतं. एका सणाच्या रात्री पोलिआसची पुजारीण त्यांच्या डोक्यावर झाकलेलं काहीतरी ठेवायची. आत काय आहे ते मुलींना माहीत नसे आणि, पॉसेनियस सांगतो, देणाऱ्या पुजारिणीलाही नसे. त्या एका भुयारी वाटेने खाली जात, डोक्यावरचं तिथे ठेवत, तिथलं दुसरं झाकलेलं काहीतरी घेऊन वर येत, आणि मग त्यांची सेवा संपे. त्यांच्याकडे आणखी एक काम असे. शरद ऋतूत खाल्केइआ सणाला पुजारिणीसोबत त्या अथीनेच्या पेप्लोसचा, म्हणजे देवीला नेसवायच्या वस्त्राचा ताणा मांडत. पुढचे नऊ महिने निवडक मुली ते वस्त्र विणत. त्यावर देव आणि राक्षसांचं युद्ध असे. ऐन उन्हाळ्यात पानअथेनाइआ उत्सवात ते मिरवत नेऊन देवीला नेसवत. पार्थेनॉनच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीवर मध्यभागी एक पुरुष आणि एक मूल घडी घातलेलं कापड हाताळताना दिसतात, शेजारी एक स्त्री दोन मुलींकडून काहीतरी घेते आहे. हा पेप्लोसचाच प्रसंग, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या एका ठरावात तर विणणाऱ्या मुलींच्या नावांची यादीच कोरलेली आहे. त्यांनी काम नीट केलं, मिरवणुकीत भाग घेतला आणि देवीला चांदीचं पात्र अर्पण केलं म्हणून नगराने त्यांचा गौरव केला.

ब्राउरॉन हे अथेन्सच्या पूर्वेला समुद्राजवळचं आर्टेमिसचं स्थान. तिथे पाच ते दहा वर्षांच्या मुली लग्नाआधी ‘अस्वल’ होत, म्हणजे देवीची सेवा करत, नाचत, धावत. यामागची कथा अशी की देवीचं एक माणसाळलेलं अस्वल होतं. एका मुलीने त्याची खोडी काढली, त्याने तिला ओरबाडलं, तिच्या भावांनी अस्वलाला मारलं, आणि रोगराई पसरली. मग देवीने सांगितलं की मुलींनी अस्वल बनून हे फेडावं. तिथे सापडलेल्या छोट्या मातीच्या भांड्यांवर धावणाऱ्या मुलींची चित्रं आहेत. बायका इथे कपडे वाहत. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या नोंदींत एकेका वस्त्राचं वर्णन, रंग आणि देणारीचं नाव आहे. काही वस्त्रं अर्धवट विणलेलीच अर्पण केलेली आहेत. बाळंतपणात गेलेल्या बायकांची वस्त्रं ब्राउरॉनची पुजारीण इफिजिनाया हिला मिळतील, असं युरिपिडीस आपल्या नाटकात अथीनेच्या तोंडून सांगतो.

थेस्मोफोरिआ हा सण मात्र पूर्णपणे विवाहित बायकांचा. डीमीटर आणि तिची मुलगी पर्सेफनी यांच्यासाठी तो पेरणीच्या तोंडावर, साधारण ऑक्टोबरमध्ये, तीन दिवस चाले. पुरुषांना प्रवेश नाही. बायका घर सोडून पानांच्या झोपड्यांत राहत. पहिला दिवस ‘वर जाण्याचा’. दुसरा उपवासाचा: जमिनीवर लिगोसच्या डहाळ्यांवर बसून राहायचं. हे झुडूप आपल्या निर्गुडीच्या जवळच्या नात्यातलं. त्याने कामवासना शमते अशी ग्रीकांची समजूत होती. त्या दिवशी अथेन्समध्ये न्यायालयं आणि परिषद बंद असत. तिसरा दिवस ‘सुंदर संततीचा’, मेजवानीचा.

गाभ्याचा विधी ऐकायला ओंगळ वाटेल. जमिनीतल्या खोल खड्ड्यांत आधी डुकराची पिल्लं टाकलेली असत. त्यांच्यासोबत पिठाचे साप आणि पुरुषलिंगाच्या आकृती. तीन दिवस शुद्ध राहिलेल्या काही बायका खड्ड्यात उतरत. खाली साप असत, म्हणून वर टाळ्या वाजवून गोंगाट करत. कुजलेले अवशेष त्या वर आणत आणि वेदीवर ठेवत. ते घेऊन कोणी बियाण्यात मिसळलं तर पीक चांगलं येतं, अशी श्रद्धा होती. याच सणात बायका एकमेकींना अश्लील टोमणे मारत. डीमीटर मुलीच्या शोकात असताना तिला अशाच थट्टेने हसू आलं, अशी कथा त्यामागे सांगत. वर्षभर तोंड मिटून राहण्याची अपेक्षा असलेल्या बायकांना हे तीन दिवस धर्माने मोकळे ठेवले होते. ॲरिस्टोफेनिसने या सणावर एक अख्खं नाटक लिहिलं. त्यात बायका सभा भरवून युरिपिडीसवर खटला चालवतात. सभेची भाषा, ठराव मांडण्याची रीत सगळी पुरुषांच्या सभेसारखी. तो थट्टा करत होता हे खरं, पण बायकांचं स्वतःचं संघटन असतं हे प्रेक्षकांना माहीत असल्याशिवाय ती थट्टा जमली नसती.

हे संघटन वकील इसिअसच्या भाषणांत उघड दिसतं. प्रत्येक गावातल्या बायका सणासाठी आपल्यातून प्रमुख निवडत आणि खर्च नवऱ्यांना करावा लागे. वारसाहक्काच्या एका खटल्यात एका पक्षाचा मुद्दा असा की आमची आई रीतसर लग्नाची बायको होती. पुरावा? गावच्या बायकांनी तिला थेस्मोफोरिआची प्रमुख निवडलं होतं. अथेन्समध्ये लग्नाची सरकारी नोंदवही नव्हती. ती उणीव या निवडीने भरून निघाली आणि बायकांचं मत आडवाटेने पुरुषांच्या न्यायालयात पुरावा म्हणून पोचलं.

डेल्फीच्या पायथियाबद्दल, म्हणजे देवाच्या वतीने लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या बाईबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तिच्याविषयी दंतकथाच जास्त आहेत. ती अपोलोची, म्हणजे पुरुषदेवाची सेविका. मूळ नियमाचा हा मोठा अपवाद. ती स्थानिक बाई, डेल्फीतलीच. इतिहासकार डायोडोरसच्या म्हणण्यानुसार आधी कुमारिका नेमत, पण एकीला पळवून नेल्यावर पन्नाशीपलीकडची बाई निवडायची आणि तिला कुमारिकेचा वेश द्यायचा असं ठरलं. सुरुवातीला वर्षातून एकदाच प्रश्न विचारता येत, नंतर महिन्यातून एक दिवस, हिवाळ्याचे महिने सोडून. आधी बकरीवर गार पाणी ओतत. ती पायांपासून थरथरली तरच त्या दिवशी पायथिया बोले. लेखक प्लुटार्क स्वतः डेल्फीत पुजारी होता. त्याच्या काळातली पायथिया गरीब शेतकऱ्याच्या घरातली साधी बाई होती, आणि गर्दीच्या जुन्या काळी पाळीपाळीने दोघी बसत, तिसरी राखीव असे, असं तो लिहितो. फेसाळत्या तोंडाने अद्वातद्वा बरळणारी बाई, आणि तिचं पुरुष पुजाऱ्यांनी केलेलं भाषांतर, हे चित्र बहुतेक उशिराचं आहे. इतिहासकार हेरोडोटसच्या नोंदींत पायथिया स्वतः थेट उत्तर देते. तिच्यावर विश्वास होता म्हणूनच तिला लाच देण्यात अर्थ होता. पेरिआल्ला नावाच्या पायथियाने स्पार्टाच्या राजकारणात पैशापायी खोटं उत्तर दिल्याचं उघड झालं आणि तिचं पद काढून घेतलं गेलं.

पदाबरोबर बोलण्याचा अधिकार येई. इ.स.पू. ५०८ मध्ये स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस सैन्यासह ॲक्रोपोलिसवर चढला आणि अथीनेच्या गाभाऱ्याकडे निघाला. पुजारीण आसनावरून उठली आणि डोरिअन वंशाच्या माणसाला आत यायला परवानगी नाही, मागे फिर, असं तिने त्याला बजावलं. मी डोरिअन नसून अकिअन आहे, अशी सारवासारव राजाने केली. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी फौजा येत असताना नगर रिकामं करायला लोक तयार होईनात. त्या वेळी पुजारिणीने जाहीर केलं की देवीच्या पवित्र सापाने या महिन्याची मधाची पोळी खाल्लेली नाही, म्हणजे देवीच निघून गेली. मग लोक भराभरा निघाले. इ.स.पू. ४१५ मध्ये अल्सिबायडिस या सेनापतीला शाप द्यायचा हुकूम सगळ्या पुजाऱ्यांना आणि पुजारिणींना सुटला. थिआनो नावाची एकटी पुजारीण नाही म्हणाली. आपण प्रार्थनेसाठी पुजारीण आहोत, शापांसाठी नाही, असं तिचं म्हणणं प्लुटार्कने नोंदवलंय.

मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट होत्या. हे सगळं नागरिक घरातल्या बायकांसाठी. गुलाम बाई किंवा परदेशी बाई एल्युसिस इथल्या डीमीटरच्या गूढविधीची दीक्षा घेऊ शके, पण नगराची पुजारीण होऊ शकत नसे. ऑलिंपियाच्या खेळांना विवाहित बायकांना बंदी. अपवाद एकच, डीमीटर खामिनीची पुजारीण, जी पांढऱ्या संगमरवरी वेदीवर बसून खेळ पाहायची. घरातल्या मृत्यूतही बायकांवर लगाम होता. मृताला न्हाऊ घालणं, तेल लावणं, विलाप करणं हे त्यांचं काम. पण सोलोनचा म्हणून सांगितला जाणारा कायदा म्हणतो की प्रेतयात्रेत बायकांनी पुरुषांच्या मागून चालावं, आणि साठीच्या आतल्या फक्त जवळच्या नात्यातल्याच बायकांनी सामील व्हावं.

पुजारिणीची चूक झाली तर तिलाही जाब द्यावा लागे. इ.स.पू. ३३० मधल्या एका भाषणात वक्ता एस्किनिस सांगतो की पुजारी आणि पुजारिणी यांनाही बाकी अधिकाऱ्यांसारखाच हिशेब द्यावा लागतो, एकेकट्यालाही आणि सामूहिकही. तिचा अधिकार दुसऱ्याने लाटला तर कायदा तिच्या बाजूनेही उभा राहायचा. एल्युसिसचा सर्वांत मोठा पुरुष अधिकारी म्हणजे हायरोफँट, युमोल्पिड या मानी घराण्यातला. इ.स.पू. चौथ्या शतकात आर्किअस नावाच्या हायरोफँटवर पाखंडाचा खटला झाला. आरोपांपैकी एक असा की हालोआ सणाला सिनोपी या गणिकेने आणलेला बळी त्याने तिच्यासाठी दिला. त्या दिवशी बळी निषिद्ध होता, आणि तो देण्याचा हक्क त्याचा नसून डीमीटरच्या पुजारिणीचा होता. त्याच्या नातेवाइकांनी विनवण्या केल्या, घराण्याची पुण्याई पुढे केली, त्याने नगरासाठी केलेला खर्च मोजून दाखवला. अथेन्सच्या न्यायाधीशांनी ते सगळं ऐकलं आणि त्याला दोषी ठरवलं.